तळे राखी तो पाणी चाखी

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण मराठीत बहुधा उपहासानेच उच्चारली जाते. ज्याच्या कंबरेला कोठाराची किल्ली, त्याचा हात कोठारात जावयाचाच, असा तिचा चालता अर्थ. परंतु म्हणीच्या शब्दांकडे सरळ पाहिले तर त्यांत निंदा मुळीच दिसत नाही. तळे राखणे हे बारमाही कष्टाचे काम आहे. राखणाऱ्याने पाणी चाखावयाचे नाही, तर कोणी चाखावयाचे? आणि जो चाखतो, त्याने राखावयास नको काय? म्हणीचा हा सरळ अर्थ शेकडो वर्षे जेथे आचरणात होता, आणि तो सुटल्याबरोबर जेथील तळीही खचू लागली, असा मुलूख म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा होय.

श्रोतेहो, भंडारा म्हटले की शहरातील माणसास पितळेची भांडी आठवतात, फार तर तेथला तांदूळ आठवतो. पण या जिल्ह्याचे खरे धन टेकड्यांच्या कुशीत पसरलेले आहे, आणि ते म्हणजे तेथील तलाव. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा निघून गोंदिया जिल्हा झाला व काही नामांकित तलाव त्या बाजूस गेले. तथापि पाणी उतार पाहते, जिल्ह्याची हद्द पाहत नाही. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच केलेला बरा. नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे धरून पूर्व विदर्भात असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक भरतात. शिवनीबांध, नवेगावबांध, सिरेगावबांध ही गावांची नावेच पाहावीत. गाव आधी की बांध आधी, असा प्रश्न पडावा, इतके दोघांचे आयुष्य एकमेकांत गुंतलेले आहे.

या तलावांस आज ‘मामा तलाव’ म्हणतात. नवख्यास वाटावे की कोणा मामाने भाच्यांसाठी ते खणून ठेवले असतील. वस्तुस्थिती इतकी रसाळ नाही. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे सरकारी दप्तराने एकत्र केली आणि नकळत हे नाते जोडले गेले. नाते जुळले खरे, परंतु मामाची विचारपूस करण्याचे काम नेमके कोणाचे, हे मात्र दीर्घकाळ कोणीच ठरविले नाही.

हे तलाव बांधणारे लोक म्हणजे कोहळी समाज. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवरील आपला मोठा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात या समाजाची ओळख वैनगंगेच्या खोऱ्यातील थोर जलाशयांचे निर्माते अशी करून दिलेली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपणांस बरोबर आणले, अशी या समाजाची परंपरा सांगते. गोंड राजांचे धोरणही लोकांच्या स्मरणात आहे. जो जंगल तोडून गाव वसवील, त्यास त्या गावाचा अधिकार. जो तलाव बांधील, त्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन. म्हणजे बक्षीस द्यावयाचे ते सोन्याच्या कड्याचे नव्हे, तर ज्या कामाबद्दल द्यावयाचे त्याच कामाच्या फळाचे. बांध फुटला तर बक्षीसही वाहून जावयाचे! असे बक्षीस मिळालेला मनुष्य आपल्या बांधाकडे पाठ कशी फिरवील?

कोहळ्यांजवळ पातळी मोजण्याचे यंत्र नव्हते, नकाशा नव्हता, चुना-सिमेंट नव्हते. त्यांचे यंत्र म्हणजे डोळा. दोन टेकड्यांमधील अरुंद जागा हेरावयाची, तेथे मातीची भक्कम पाळ घालावयाची आणि वरच्या बाजूचे सगळे खोरे पाण्याने भरू द्यावयाचे, ही त्यांची रीत. थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडावे, हे तीतले मर्म. नवेगावबांध हा या विद्येचा सर्वांत मोठा नमुना होय. सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला हा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला, असे मानतात. भोवतालच्या सात टेकड्यांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि खुद्द कोलू पाटलास त्यांनी ‘कोलासूर’ म्हणून देवपण दिले. एखाद्या राजास किंवा सेनापतीस देवळात बसविल्याची उदाहरणे पुष्कळ. माती वाहणाऱ्या पाटलास देव करणारा समाज विरळा.

असा एखादा तलाव पाहावयास गेलेल्या पाहुण्याने प्रथम पाळीवर चढावे. पाळीच्या एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस धानाच्या बांध्या, असा देखावा दिसतो. पाळीच्या टोकाशी ‘सलंग’ असते. तलाव भरला की जादा पाणी पाळीस धक्का न लावता या वाटेने निघून जाते. ते वाया जात नाही, खालच्या अंगाच्या दुसऱ्या तलावात उतरते. त्याचे भरून उरले की तिसऱ्यात. अशी एकाखाली एक तलावांची साखळीच कित्येक ठिकाणी आढळते. शेतास पाणी द्यावयाचे ते ‘तुडुमा’तून. त्यास वरपासून खालपर्यंत तोंडे असतात. पातळी उतरत जाईल तसतसे खालचे तोंड मोकळे करावयाचे. मोठ्या तलावाखेरीज एकट्या-दुकट्या शेतकऱ्याची लहानशी ‘बोडी’ असते ती वेगळीच.

या मुलुखात पाऊस थोडा पडतो असे नाही. वर्षास सुमारे तेराशे मिलिमीटर पडतो. पण तो चार महिन्यांत येतो व जातो. धान फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, त्याने पाठ फिरविली तर उभे पीक पळींज होते. तलावाचे पाणी लागते ते नेमके त्या पंधरवड्यात. एका पाण्याने वर्षाचा घास वाचतो. कोहळ्यांनी याच पाण्यावर उसाचे मळेही पिकविले व गुळाबद्दल नाव मिळविले. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ गाड्या भरून शेतात जावयाचा. त्याने शेतास खत मिळे आणि तलावास खोली मिळे. एकाचा मळ तो दुसऱ्याचे अन्न, असा हा व्यवहार होता.

पण तलाव म्हणजे केवळ शेताची टाकी, अशी समजूत करून घेऊन जो पाहुणा पाळीवरून परत फिरेल, त्याने अर्धाच तलाव पाहिला. उरलेला अर्धा पाहावयाचा तर ढिवराच्या डोंग्यात बसावे लागेल. ढिवर ही या भागातील मासेमारी करणारी जमात. जाळे टाकणे, शिंगाड्याचे वेल लावणे हा तिचा परंपरेचा व्यवसाय. पकडलेली मासळी टोपलीत घालून बाजारात नेऊन विकण्याचे काम तिच्या स्त्रियांचे. पाळीवरून पाहणारास जे सपाट पाणी दिसते, तेथे ढिवरास गल्ल्या आणि मोहल्ले दिसतात. काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवते. ही भाताची रानटी जात होय. त्याच्या आत पाण्यावर पाने पसरणाऱ्या वनस्पती, त्याहून खोल सर्वस्वी पाण्याखाली राहणारे शेवाळासारखे गवत. प्रत्येकीस त्यांच्या बोलीत स्वतंत्र नाव आहे आणि प्रत्येकीच्या आश्रयास कोणता मासा येतो, हे त्यांस ठाऊक असते. मरळ हा मासा गवत बाजूस सारून तेथे अंडी घालतो आणि पिले मोठी होईपर्यंत नर-मादी पहारा करतात. गवत गेले की मरळीचे घरच गेले. पाळ ही तलावाची भिंत असेल, तर हे गवत त्याचे अंतर्गृह आहे. आणि अंतर्गृह मोडलेल्या घरात भिंती कितीही भक्कम असल्या तरी संसार होत नाही.

या गोष्टीचे महत्त्व पटण्यासाठी क्षणभर फार दूर जाणे उपयोगाचे होईल. प्रशांत महासागराच्या मध्यभागी हवाई बेटे आहेत. तेथील मूळ रहिवाशांनी समुद्रकिनाऱ्यावर मासे पोसण्यासाठी दगडी भिंतींची तळी बांधली होती. त्यांच्या भाषेत अशा तळ्यास ‘लोको इआ’ व भिंतीस ‘कुआपा’ म्हणतात. भिंतीत ठिकठिकाणी लाकडी गजांचे दार असते, त्याचे नाव ‘माकाहा’. भरतीबरोबर माशांची बारीक पिले गजांमधून आत शिरतात, आत खाऊन पुष्ट होतात, आणि मग त्याच गजांमधून त्यांस बाहेर पडता येत नाही. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी यांच्या मिश्रणात शेवाळ भरपूर वाढते व तेच माशांचे अन्न होते. वरून दाणापाणी घालण्याची गरज नाही. डोंगराच्या माथ्यापासून समुद्रातील खडकापर्यंत जी जमिनीची पट्टी असे, तिची व्यवस्था एकाच कारभाऱ्याकडे असावयाची. त्यामुळे वरच्या अंगास ओढा गढूळ झाला तर खालच्या तळ्यास त्रास होईल, याचा विचार आपोआप होई. ओआहू बेटावरील हेएइया येथील तळे सहाशे ते आठशे वर्षांपूर्वीचे मानतात. त्याचे क्षेत्र अठ्ठ्याऐंशी एकर असून त्याच्या सभोवतीची भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब आहे.

कोहळ्यांस हवाईचे नाव ठाऊक नव्हते, हवाईच्या लोकांस वैनगंगा ठाऊक नव्हती. एकाने माती घातली, दुसऱ्याने दगड रचला; एकाचे पाणी गोडे, दुसऱ्याचे मचूळ. तरी दोघांनी एकच शहाणपण शोधून काढले: पाणी अडवावयाचे, पण त्यातील जिवास मोकळे ठेवावयाचे. आणि आश्चर्य असे की दोघांवर संकटही एकाच जातीचे आले.

हवाईमध्ये १८४८ साली राजा तिसरा कामेहामेहा याच्या कारकीर्दीत जमिनीची मोठी वाटणी झाली व खाजगी मालकीची पद्धत सुरू झाली. डोंगर एकाचा, ओढा दुसऱ्याचा, किनारा तिसऱ्याचा, अशी फारकत झाली. परकीय रोगांच्या साथींनी माणसे अगोदरच घटली होती. ओढ्यांचे पाणी उसाच्या मळ्यांकडे वळले. तळी गाळाने भरली, कित्येक बुजवून त्यांवर इमारती उठल्या. हेएइयाच्या तळ्याची भिंत १९६५ च्या पुरात फुटली, ती पुढे कित्येक वर्षे तशीच पडून होती.

भंडाऱ्यातील कथा याहून निराळी नाही. इंग्रजी अमदानीत गावोगावचे मालगुजार जमिनीचे व तलावांचे मालक ठरले. त्या पद्धतीत जुलूम होता, वेठबिगारी होती, आणि ती परत यावी असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारच्या ताब्यात आले. अन्याय गेला, हे उत्तमच झाले. परंतु मालगुजाराबरोबर पाळीवर दरवर्षी माती घालण्याची त्याची जबाबदारीही गेली, आणि ती उचलण्यास दुसरा कोणी स्पष्टपणे पुढे आला नाही. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. दहा वर्षांत तीन राज्ये झाली, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. पूर्वापार वहिवाटीचे पाणी फुकट मिळावे, हा शेतकऱ्याचा आग्रह. पट्टी नाही तर दुरुस्तीस पैसा कोठून आणावयाचा, हा दप्तराचा प्रश्न. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. वाद चालू राहिला आणि दरम्यान दर पावसाळ्यात तलावात गाळ उतरत राहिला.

पाण्यातील जीवसृष्टीवर तर याहून सूक्ष्म आघात झाला. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांस ग्रंथिरसाची सुई टोचून कृत्रिम रीतीने अंडी देण्यास लावण्याचा प्रयोग यशस्वी केला. देशातील मत्स्योत्पादनाच्या दृष्टीने ही मोलाची कामगिरी होती. रोहू, कटला, मृगळ हे झपाट्याने वाढणारे मासे गावोगावच्या तलावांत सोडणे शक्य झाले. पण हे नदीचे मासे. संथ पाण्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. जो ढिवर पूर्वी तलावातलीच मासळी धरीत असे, तो आता बीजाच्या खरेदीसाठी पैसा उभा करू लागला. १९५९ साली हाँगकाँगहून आणलेला गवत्या मासा तर पाण्यातील गवतच खाऊन टाकतो. भरीस भर म्हणून अमेरिका खंडातून आलेली बेशरम नावाची झुडपे काठाकाठाने माजली. त्यांच्या नावातच त्यांचा स्वभाव आला. देवधान मागे हटले, मरळ-मागूर दुर्मिळ झाले, आणि ढिवरांची तरुण मुले कामासाठी गाव सोडू लागली. तलावात पाणी दिसत होते, पण पाण्यातले घर उजाड होत चालले होते.

ही हानी भरून येऊ शकते काय? याचे उत्तर दोन्ही ठिकाणच्या लोकांनी हातांनी दिलेले आहे. हेएइया येथे २००१ साली स्थानिक हवाईयन तरुणांनी एक संस्था स्थापन केली. परदेशातून आणलेली व भिंतीत मुळे रुतवून बसलेली कांदळाची झाडे त्यांनी तोडून काढली, दगडावर दगड रचला, आणि १९६५ साली पडलेले भगदाड २०१५ च्या डिसेंबरात बुजविले. पन्नास वर्षांनी ते तळे पुन्हा वर्तुळ झाले.

इकडे अर्जुनी-मोरगावच्या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या साहाय्याने हेच काम आपल्या रीतीने चालविले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी की, वृद्ध ढिवरांस गुरू मानले. पूर्वी कोणत्या तलावात कोणते गवत होते, कोणता मासा कोठे राहत असे, याची माहिती त्यांच्याकडून गोळा केली. मग उन्हाळ्यात बेशरम उपटून काढली, कोरड्या पडलेल्या तळाची शेताप्रमाणे नांगरट केली, आणि पावसाळा लागल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या वनस्पती चिखलात रोवल्या. हे रोवणीचे काम मुख्यतः ढिवर स्त्रियांनी केले. धानाची रोवणी हातात मुरलेल्या बायकांस तलावाची रोवणी अवघड का वाटावी? गवत धरले, तसे देशी मासे पुन्हा दिसू लागले, आणि माशांपाठोपाठ पक्षीही आले. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यत्वे गोंदिया, भंडारा याच भागात उरला आहे. त्याचा संसार धानाच्या बांध्या आणि तलावांचे उथळ काठ यांवरच चालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या रोवणीची व्याप्ती कळून येते.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. जुन्या तलावांची दुरुस्ती व्हावी, हे सरकारासही आता पटलेले आहे. ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली निघाली, आणि तिचा मूळ विचार कोहळ्यांच्या जुन्या रिवाजाचाच आहे. परंतु यंत्राचा फावडा मोठा असतो आणि त्यास डोळे नसतात. काठापासून काठापर्यंत सरसकट खोल खणले, तर पाणी अधिक साठेल, पण देवधानाचा व मरळीचा उथळ काठ त्याबरोबरच नाहीसा होईल. घनफुटांच्या हिशेबात ते काम पुरे भरेल. ढिवराच्या हिशेबात मात्र तलाव रिकामा होईल. म्हणून कोठे खणावयाचे आणि कोठे हात लावावयाचा नाही, हे ठरविताना पाळीवरील शेतकऱ्याबरोबर डोंग्यातील ढिवरही बैठकीस बसला पाहिजे, आणि टोपली घेऊन बाजारास जाणारी त्याची घरधनीणही.

शहरातील कुटुंबांस वाटेल की या सर्वाशी आपला काय संबंध? संबंध ताटातून येतो. पूर्व विदर्भाचा तांदूळ ज्या घरी शिजतो, त्या घरी या तलावांचे पाणी थोडेसे पोचलेलेच असते. नवेगावबांधास सहलीस जाणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी पाण्याची शोभा पाहून परत येण्यापूर्वी पाळ कोणी बांधली, सलंग कोठे आहे, काठास देवधान उरले आहे की बेशरम माजली आहे, एवढे तरी विचारून यावे. जे विचारले जाते ते राखले जाण्याचा संभव अधिक असतो.

कोलू पाटलाने बांध घातला तो एकदाच. पुढे तीनशे वर्षे तो उभा राहिला, तो दर उन्हाळ्यात पाळीवर पडलेल्या मातीच्या टोपल्यांनी. बांधणाराचे नाव लोकांनी देवात घातले. टोपल्या वाहणारांची नावे कोणास ठाऊक नाहीत. या पुढचा तलाव तरेल तो अशाच निनावी हातांवर. फक्त त्या हातांस पाण्याचा, धानाचा आणि मासळीचा न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. राखणारास चाखू द्यावे आणि चाखणाराने राखण्यास यावे, एवढा साधा करार गावागावांत पुन्हा झाला, तर ती म्हण उपहासाने उच्चारण्याचे कारण उरणार नाही.